तडा बुजवण्याआधी



कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात विनिपेग नावाचं शहर आहे. मी मालवणचा, पण गेली बरीच वर्षं मुक्काम तिथे. हिवाळ्यात पारा उणे 30 च्याही खाली उतरतो. उन्हाळा इवलासा, म्हणून तो आला की कुणी घरात थांबत नाही. गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा आणि तळ्याकाठी जाऊन राहायचं. ट्रेलर म्हणजे चाकांवरची एक खोली. आत दोन बिछाने, छोटी शेगडी, पाण्याची टाकी. आमचा ट्रेलर तेरा फुटी, जुना, आणि पूर्ण फायबरचा.

अशाच एका फायबरच्या ट्रेलरची जन्मकथा विनिपेगमधली आहे. रे ओलेको नावाच्या गृहस्थांनी आधी फायबरग्लासची सेप्टिक टँक बनवली होती. त्याच मालाचं हलकं घर चाकांवर ठेवावं, ही कल्पना त्यातून निघाली आणि 1968 साली ‘बोलर’ हा ट्रेलर तयार झाला. बोलर हॅटसारखा गोलसर, म्हणून ते नाव. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन भाग साच्यात घडवायचे आणि कमरेशी जोडायचे. भिंतीत लाकडाचा सांगाडाच नाही, त्यामुळे तिथे कुजायला काही नाही. 2018 साली पन्नाशी साजरी करायला असे शेकडो ट्रेलर विनिपेगला जमले होते. त्या रांगांमधून फिरताना मला आमच्या मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांची आठवण झाली. माल तोच: काचेच्या तंतूंची मॅट आणि तिच्यात मुरवलेलं रेझिन.

आता मूळ गोष्ट. आमच्या ट्रेलरच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून एक तडा निघाला होता. वीतभर लांब, केसाएवढा बारीक. आधीच्या कुणीतरी त्यावर सिलिकॉन फासलं होतं. दोन हिवाळे गेले आणि तडा सिलिकॉनच्या पलीकडे चार बोटं सरकला. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. तड्यात थेंबभर पाणी राहिलं तरी थंडी आतून पाचर मारते.

अशा कवचाला नवा पॅनेल मिळत नाही.  दुरुस्ती आपणच करायची. आणि ती करता येते, हे मी लहानपणी पाहिलं होतं. आमच्या शेजारी होड्यांना फायबरचे पॅच मारणारे एक काका होते. एकदा फुटलेल्या होडीवर मी लांबी (पुट्टी) फासायला निघालो, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, “बुजव नको रे, आधी तिका उघड.” त्यानंतर त्यांनी ती चीर घासून तळहाताएवढी रुंद केली. मला वाटलं, हे होडी आणखी मोडतायत.

त्यांचं म्हणणं विनिपेगमध्ये नीट उमगलं. तडा मुळात पडला का? चौकोनी दाराचा कोपरा म्हणजे ताण गोळा होण्याची जागा. इंग्लिस या ब्रिटिश इंजिनिअरांनी 1913 सालीच गणिताने दाखवलं होतं की पत्र्यातल्या चिरेचं टोक जितकं अणकुचीदार, तितका तिथे ताण अनेक पटींनी जास्त. पण कोपऱ्यावर इतका जोर येत का होता? मी ट्रेलरखाली आडवा झालो आणि कारण दिसलं. दाराखालच्या लोखंडी चासीचं एक वेल्डिंग सुटलं होतं. प्रत्येक खड्ड्यात चासी वाकायची आणि तिचं ओझं दाराच्या चौकटीवर यायचं. आधी वेल्डर गाठला, मग फायबरला हात लावला. हा क्रम मी जीव तोडून सांगतो, कारण चासी तशीच ठेवून वर पॅच मारला असता तर पुढच्या वर्षी तडा पॅचच्या शेजारून गेला असता.

आणखी एक तपासणी. सगळेच ट्रेलर फायबरचे नसतात. पुष्कळांच्या पुढच्या-मागच्या भिंती एबीएस प्लॅस्टिकच्या असतात. झाकलेल्या कोपऱ्यात कापसाने थोडं अ‍ॅसिटोन लावून बघा. प्लॅस्टिक चिकट होतं, फायबरला काही होत नाही. प्लॅस्टिकची दुरुस्ती निराळी, आणि ते ऊन-थंडीत ॲल्युमिनियमच्या तिप्पट-चौपट पसरतं-आकसतं, तेव्हा त्याला हलायला जागा ठेवावी लागते. इथे मी फायबरचंच बोलतो.

तड्याभोवती नाण्याने टकटक करत गेलो. टणक आवाज आला तिथे माल शाबूत. बद्द आवाज आला तिथे आतले थर सुटलेले. तसा भाग पेन्सिलने आखला. डोळ्यांना दिसणाऱ्या तड्याच्या तो दुप्पट निघाला. सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढलं, कारण त्याचा अंश राहिला तरी वर काहीच धरत नाही. साबणाने धुतलं, अ‍ॅसिटोनने पुसलं आणि मगच घासायला घेतलं. आधी घासलं असतं तर जुनं मेण-तेल ओरखड्यांत जाऊन बसलं असतं. तड्याच्या अगदी टोकाशी तीन मिलिमीटरचं भोक पाडलं. टोक गोल झालं की ताण वाटला जातो आणि तडा पुढे जायचा थांबतो.

मग तो क्षण आला, ज्याला सगळे घाबरतात. ग्राइंडर घेऊन चांगल्या भिंतीत खोलगट उतार करायचा. कवच तीन मिलिमीटर जाड असेल तर उतार तड्यापासून दोन्ही बाजूंना साडेतीन सेंटीमीटर तरी हवा. नवी मॅट जुन्या मालाला चिकटते ती या उतारावर. नुसत्या चिरेत भरलेली लांबी धरायची कशाला? काचेची धूळ उडते, म्हणून चष्मा, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. नंतर अंग गार पाण्याने धुवायचं.

आतल्या भिंतीचं मऊ अस्तर सोलून तिथूनही दोन थर दिले. 450 ग्रॅमची मॅट, प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा मोठा. पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर शंभराला दीड ग्रॅम, वजनावर मोजून. अंदाजाने ओतू नका. जास्त झाला तर डबा हातात तापतो, धूर सोडतो. कोकणात काम करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. तिथे रेझिन लवकर घट्ट करणारा कोबाल्ट वेगळा घालतात; तो आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि त्यानंतरच हार्डनर घालायचा. काम उघड्यावर, वाफा अडवणारा मास्क लावून. ट्रेलरचा गॅसचा सिलिंडर आधी काढून दूर ठेवायचा.

मॅट पांढरी असते. रेझिन मुरलं की ती हळूहळू पारदर्शक होते आणि पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा अडकली आहे असं समजायचं. ब्रशने ठोकत, रोलर फिरवत एकेक बुडबुडा कडेला न्यायचा. या कामात घाई करणाऱ्याला फायबर माफ करत नाही. माझा मुलगा बॅटरी धरून उभा होता, ठिपके त्यालाच आधी दिसायचे.

वरचा रंग म्हणजे जेलकोट. जुना पृष्ठभाग उन्हाने खडूसारखा झालेला असतो. त्याला आधी पॉलिश करून मूळ रंग वर आणावा, मग नवा जुळवावा. उलट केलं तर पॅच कायम उठून दिसतो. 220 चा पॉलिश पेपर, मग 400, 600, पाण्यात भिजवून 1000. बोटांच्या टोकांना जोड लागत नाही तोवर घासत राहिलो.

काम झाल्यावर आतून, नव्या थराच्या कडेला, पेन्सिलने तारीख लिहून ठेवली. मागच्या खिडकीपाशीही एक बारीक तडा होता. तो वरवरचा वाटला, म्हणून उघडला नाही. फक्त टोकाशी रेघ मारली.

या मे महिन्यात बर्फ गेल्यावर दोन्ही खुणा पाहिल्या. दारावरचा पॅच जिथल्या तिथे आहे, नाणं वाजवलं तर टणक वाजतं. खिडकीजवळचा तडा मात्र पेन्सिलची रेघ ओलांडून बोटभर पुढे गेलाय. शनिवारी ट्रेलर जॅकवर घेतो आणि त्या बाजूची चासी बघतो.