पेढीवरचे दादाभाई

दादाभाई नौरोजींना आपण ‘भारताचे पितामह’ म्हणून हात जोडतो आणि पुढं जातो. मला आज बोलायचंय ते पेढीवरच्या दादाभाईंबद्दल.

एल्फिन्स्टन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडून 1855 साली ते कामा मंडळींच्या पेढीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. अफू-दारूच्या नफ्यातला वाटा त्यांना घेववेना, म्हणून बाहेर पडले. 1859 साली कापसाचा स्वतःचा धंदा थाटला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव गडगडले, मुंबईत भल्याभल्यांचं दिवाळं वाजलं. दादाभाईंच्या पेढीलाही झळ बसली. व्यापारात ते काही फार मोठे झाले नाहीत.

नजर मात्र व्यापाऱ्याचीच राहिली. परदेशी धाडलेल्या मालाची किंमत नफ्यासकट परत यायला हवी, हे पेढीवरच्या पोऱ्यालाही कळतं. हिंदुस्थानच्या खात्यात दरसाल उलटंच: जाणारा माल जास्त, येणारा कमी. मधला पैसा मुरला कुठं? विलायतेतली पेन्शनं, गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार, कर्जाचं व्याज. संपत्तीच्या गळतीचा सिद्धांत म्हणतात तो हाच.

या गळतीनं रयतेच्या ताटात काय उरलं, याचा त्यांनी केलेला एक पडताळा तर बघा. परमुलखात मजुरीला जाणाऱ्यांना बोटीवर किती शिधा द्यावा, याचा एक तक्ता होता: तांदूळ किंवा पीठ, डाळ, मटण, भाजी, तूप, तेल, मीठ. दादाभाईंनी त्याची किंमत मांडली, शेजारी तुरुंगातल्या कैद्यावरचा खर्च ठेवला आणि हिंदुस्थानातलं माणशी वार्षिक उत्पन्न काढलं. ते निघालं 20 रुपये! पुष्कळ ठिकाणी कैदी रयतेपेक्षा बरा जेवत होता.

1875 साली ते मुंबई महापालिकेत गेले, पुढं कायदेमंडळात, 1886 साली कलकत्त्याला काँग्रेसचे अध्यक्ष झाले. 1892 साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून आले, तेही मोजणीत अवघ्या 5 मतांनी. लोकांनी नौरोजीचं ‘नॅरो-मेजॉरिटी’ करून टाकलं.

1895 च्या निवडणुकीत ते हरले. पण हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारं वेल्बी कमिशन त्याच वर्षी बसलं होतं, त्यावर ते सभासद होते. पुण्याहून गोपाळराव गोखले तिथं साक्ष द्यायला गेले. दादाभाईंना नुसते प्रश्न विचारून समाधान होईना. सभासद असूनही ते आकड्यांची बाडं घेऊन स्वतः साक्षीदाराच्या खुर्चीत जाऊन बसले.