सोमवारचा दम



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला कामगार चळवळीवर बोलण्यास सांगितले होते. तो विषय मी माझ्या घरातून सांगणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा सिद्धांत न सांगता माझ्या वडिलांविषयी चार शब्द बोलतो.

आबा १९६३ साली संगमेश्वर तालुक्यातून मुंबईस आले आणि परळ भागातील एका गिरणीत कार्डिंग खात्यात लागले. कार्डिंग म्हणजे कापूस विंचरून त्याचा पेळू काढणे. या खात्यात धूळ फार. पाळी सुटून ते घरी येत तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असत, आणि आम्ही मुले हसत असू. रविवारी रात्री चाळीच्या भजनात त्यांचा आवाज तिन्ही मजल्यांवर ऐकू जाई.

सोमवारी मात्र कामावरून आले की ते न जेवता भिंतीला टेकून बसत. छाती आवळल्यासारखी होई. बुधवार-गुरुवारपर्यंत उतार पडे. आई म्हणे, ‘‘भजनाला दम पुरतो, आणि एक दिवस कामाला गेलात की लगेच कसा हो संपतो?’’ आबा काही बोलत नसत. आम्ही त्याला सुट्टीनंतरचा आळस समजलो.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आबांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. धूळ सुटली, धाप सुटली नाही. भजनात आधी लांब ताना गेल्या, मग गाणे गेले, शेवटी हाती नुसते टाळ राहिले. १९८८ साली त्यांनी अंथरूण धरले ते ११ वर्षे. दवाखान्यात एकच प्रश्न होई, ‘‘बिडी ओढता का?’’ दिवसाला चार-दोन ओढीत होते, हे खरे. कागदावर ‘दमा’ लिहिला गेला. काम काय करीत होता, हे कोणी विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही.

१९९९ साली आबा गेले. भेटायला आलेले म्हणत, ‘‘सुटले बिचारे.’’ खरे सांगतो, मलाही सुटल्यासारखे वाटले. रात्री खोकला सुरू झाला की वळकटी उचलून गॅलरीत जाणारा मुलगा मी! लांबलेला आजार माणसाचे आधीचे सारे आयुष्य गिळून टाकतो. माझ्यापाशी आबांचा खोकला तेवढा उरला.

पुढे एका कामगाराच्या दाव्यासाठी मी १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातील धंद्यामुळे होणाऱ्या रोगांची यादी चाळीत होतो. तीत बायसिनोसिस हे नाव दिसले. कापूस, अंबाडीसारख्या तंतूंच्या धुळीने होणारा हा फुप्फुसाचा रोग. वाचनालयात जाऊन अधिक वाचले. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, आठवडा सरेल तसा उतार पडतो. वर्षे गेली की त्रास रोजचा होतो, आणि मग कायमचा. मी पुस्तक मिटले. हा तर आमच्या घरातला सोमवार!

इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ताग-जवसाचे तंतू विंचरणाऱ्यांच्या खोकल्याविषयी लिहिले आहे. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे त्याने वैद्यांना बजावले. तीनशे वर्षांपूर्वीचा हा साधा प्रश्न आबांपर्यंत पोहोचलाच नाही.

आईला हे सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘आधी कळते तर सोमवारी त्यांना बोलले नसते रे.’’

गिरणगावातील बहुतेक गिरण्या आज बंद आहेत. पण विदर्भात जिनिंग आणि इचलकरंजीकडे सूतगिरण्या चालू आहेत, आणि कापसाची धूळ तीच आहे. म्हणून माझी एवढीच विनंती आहे. घरच्या माणसाला दवाखान्यात नेलेत तर तो कोणत्या खात्यात, किती वर्षे राबला, हे आपण होऊन सांगा आणि कागदावर लिहून घ्या. हक्काची भरपाई त्यावाचून मिळत नाही. आणि त्यावाचून माणूसही पुरता आठवत नाही. आबा १९ वर्षे कार्डिंगमध्ये राबले, हे कळल्यावरच मला खोकल्यापलीकडचा त्यांचा रविवारचा आवाज पुन्हा ऐकू आला.