औंधच्या राजाचे नमस्कार

आज सूर्यनमस्काराचे वर्ग फी भरून चालतात. त्यामागे सातारा-सांगलीची एक घरगुती गोष्ट आहे. औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी तरुणपणी चांगलेच स्थूल होते. विलायती बलदंड व्यायामपटू सँडोची व्यायामाची साधनं आणून त्यांनी वर्षानुवर्षं घाम गाळला. मग मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून 1908च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले. हात टेकून, गुडघे-छाती-कपाळ जमिनीला लावून, श्वास सांभाळत, सोबत बीजमंत्र. राणीसाहेब, मुलंबाळंही नमस्कार घालू लागली, पुढे संस्थानातल्या शाळाही. राजाचाच हुकूम, टाळणार कोण! 1938मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनला निघालं, तर 1970मध्ये मुलगा अप्पा पंत यांनीही याच विषयावर पुस्तक लिहिलं.