वीस सेकंदांत तेरा टिक

मी शिरपूरचा, बीटेक झालो, पुण्यात कोड लिहितो. आमच्याकडे पोकलेनचं कुणाला नवल नाही. ‘शिरपूर पॅटर्न’मध्ये नाले रुंद आणि खोल झाले ते याच मशीननी. माझ्या काकांकडेपण एक आहे.

मागच्या वर्षी मी त्यांना रोजच्या तपासणीचं ॲप करून दिलं. १३ प्रश्न: ऑइल, होज, ट्रॅक, पिना, आरसे, हॉर्न वगैरे. महिनाभर सगळं हिरवं. मी खूश. मग डेटा उघडला. १३ टिक, २० सेकंदांत, रोज! अरे, मशीनला नीट एक चक्कर मारायची तरी पाच मिनिटं लागतात.

ऑपरेटरदादांना विचारलं, तर म्हणाले, “मशीन चालू शे ना भाऊ? मंग?”

सुट्टीत घरी आलो, तेव्हा बूमच्या होजवर तेलाचा ओला डाग होता. ॲपमध्ये मात्र हिरवं. दादा हात लावायला गेले आणि काका ओरडले. सुईएवढ्या भोकातूनही दाबाचं तेल कातडीत घुसतं, हात कापायची वेळ येऊ शकते. बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचं, दाब सोडायचा, मगच होज बघायचा.

आता आठवा, ४ जुलै २०२३. आपल्याच तालुक्यातलं पळासनेर. मुंबई-आग्रा महामार्गावर एक कंटेनर गाड्यांना ठोकत हॉटेलात घुसला. किमान १० जण गेले. पोलिसांची प्राथमिक माहिती होती, ब्रेक फेल. त्याच ३१ जुलैच्या मध्यरात्री शहापूरजवळ, समृद्धीच्या पुलाच्या कामावर गर्डर बसवणारं मशीन कोसळलं. २० जण गेले. मशीन बिघडलं की किंमत फक्त चालवणारा मोजत नाही. रस्त्याकडेला उभा असलेलाही मोजतो.

मग कळलं, दादा आळशी नव्हते. मशीन उभं राहिलं की त्यांची हजेरी कापली जायची. खरं सांगून स्वतःचं नुकसान कोण करून घेईल?

आता ॲपमध्ये पाचच प्रश्न आहेत, प्रत्येकाला त्याच वेळी काढलेला फोटो लागतो. आणि एक लाल बटण आहे: ‘आज मशीन चालणार नाही’. ते दाबलं तरी हजेरी पूर्ण. बटण मी अर्ध्या तासात बनवलं. काकांना हजेरीचं पटवायला दोन महिने लागले.

परवा दादांनी ते पहिल्यांदा दाबलं. काका दिवसभर कुरकुरले, पण हजेरी दिली.

तुमच्या घरी कुणी जेसीबी, डंपर, क्रेन चालवत असेल, तर आज एवढंच विचारा: “गाडी उभी केली, तर तुमचे पैसे कापतात का?”

भेटू पुढच्या भागात.