पिस्टनच्या रिंगांची तोंडे



व्याख्यानमालेच्या पत्रिकेतील आजचा विषय वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पिस्टनच्या रिंगांची तोंडे कोणत्या दिशेला ठेवावीत, हा प्रश्न मिस्त्र्याचा. तो सभागृहात कशाला, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ज्यांच्या दारात वडिलांच्या वेळची फियाट अजून उभी आहे, त्यांना याच प्रश्नापायी पुष्कळ पैसे मोजावे लागतात, आणि पुष्कळदा ते भलत्याच उत्तराबद्दल मोजले जातात. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर गेली. आता उरल्या त्या हौसेने राखलेल्या गाड्या. त्यांचे इंजिन एकदा वाया गेले, की दुसरे सहजासहजी मिळत नाही.

फियाट ११००, म्हणजे पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने निघालेली गाडी, तिचे इंजिन १०८९ सी. सी.चे. सिलिंडर चार; प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तापल्यावर तो बिडाच्या सिलिंडरपेक्षा अधिक फुगतो, म्हणून तो मुळातच थोडा सैल ठेवावा लागतो. ही सैल जागा बुजवण्याचे काम रिंगांचे. मनगटातले उघड्या तोंडाचे कडे डोळ्यांसमोर आणा. कडे दाबून सोडले की ते फाकते. तशी ही बिडाची रिंग फाकून सिलिंडरच्या भिंतीला सर्व बाजूंनी टेकते. वाफेच्या इंजिनात पूर्वी पिस्टनभोवती अंबाडीची दोरी गुंडाळत. तिच्या जागी तोंड कापलेली धातूची रिंग आणली ती जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे इंजिनिअरने, १८५० नंतरच्या दशकात. आजही मूळ कल्पना तीच आहे.

आता रिंगला तोंड हवेच, तसे त्या तोंडात फटही हवी. जुन्या रेल्वेमार्गावर दोन रुळांच्या सांध्यात जागा सोडलेली असे, तेच हे कारण. ६८ मिलिमीटर व्यासाच्या रिंगचा घेर सुमारे २१४ मिलिमीटर. भिंतीपेक्षा रिंग १०० अंशांनी अधिक तापली, तर हा घेर पाव मिलिमीटरच्या जवळपास वाढतो. म्हणून एवढ्या सिलिंडरला निदान पाव मिलिमीटर फट ठेवतात. ती कमी पडली, तर दोन टोके एकमेकांना भिडतात, रिंगला पसरायला जागा उरत नाही, ती भिंत ओरबाडते आणि शेवटी मोडते. फट थोडी जास्त झाली, तर थोडा वायू निसटेल इतकेच.

पण फट आली म्हणजे गळती आली. तीन रिंगांची तोंडे एका रेषेत आली, तर वायूला सरळ वाट मिळते. आपल्या किल्ल्यांची गोमुखी दारे आठवा. चालून येणाऱ्याला दरवाजावर थेट धडक देता येऊ नये, त्याला वळसा पडावा, अशी ती बांधणी. रिंगांची तोंडे १२० अंशांवर ठेवतात त्यामागे हीच युक्ती आहे. पहिल्या फटीतून निसटलेल्या वायूला दुसरी फट गाठण्यासाठी अरुंद जागेतून फिरून जावे लागते, आणि तोवर त्याचा जोर ओसरतो. वरच्या दोन रिंगांची तोंडे समोरासमोर ठेवा, असेही काही पुस्तके सांगतात. स्फोटाच्या वेळी पिस्टन ज्या भिंतीवर रेलतो, त्या बाजूला तोंड नसावे, असे बहुतेक मिस्त्री मानतात. ज्या इंजिनाचे पुस्तक हाताशी असेल, त्याचे ऐकावे; येथे हट्ट नको.

येथे एखादा चिकित्सक श्रोता म्हणेल, "अहो, इंजिन चालू झाले की रिंगा खाचेत फिरतात. मग हा सोहळा कशाला?" आक्षेप खरा आहे. रिंगवर किरणोत्सर्गी खूण ठेवून चालत्या इंजिनातले तिचे फिरणे शास्त्रज्ञांनी पाहिलेले आहे. दोन-स्ट्रोक इंजिनात, म्हणजे आपल्या जुन्या स्कूटरीत, रिंगचे टोक सिलिंडरच्या खिडकीत अडकू नये म्हणून खाचेत बारीक पिन ठोकून हे फिरणे मुद्दाम थांबवलेले असते. चार-स्ट्रोक मोटारीत तशी पिन नसते. तेव्हा मिस्त्र्याने लावलेली जागा कायम राहत नाही, हे मान्यच केले पाहिजे.

तरीही ती लावावी. मिनिटाला ४००० फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टनची एक धाव साडेसात हजारांश सेकंदात संपते. एवढ्या वेळात फटीतून जाणार तरी किती? पण स्टार्टर इंजिनाला मिनिटाला १०० फेऱ्यांनी फिरवत असेल, तेव्हा तीच धाव सेकंदाचे तीन दशांश घेते, म्हणजे चाळीसपट वेळ. नव्याने बांधलेल्या इंजिनात रिंगा अजून भिंतीशी बसलेल्या नसतात. त्या पहिल्या सुरुवातीला तोंडांची जागा उपयोगी पडते.

मात्र धूर निघू लागला, की "तोंडे एका रेषेत आली असतील, रिंगा बदलून देतो," असे जे सांगितले जाते, ते मला पटत नाही. दोष बहुधा झिजलेल्या सिलिंडरचा असतो. व्यास ०.२ मिलिमीटरने वाढला, तर फट ०.६ मिलिमीटरहून अधिक वाढते. पाव मिलिमीटरची फट तिपटीच्या पुढे जाते. शिवाय झीज वरच्या भागात जास्त होते, आणि अगदी माथ्याशी न झिजलेला काठ उरतो. नवी रिंग त्या काठावर आपटून फुटते. अशा सिलिंडरला रिबोअर आणि मोठ्या मापाचे पिस्टन हेच औषध. त्यात काटकसर केली, तर इंजिन पुन्हा उतरवावे लागते.

उघडण्यापूर्वी परीक्षा सोपी आहे. सर्व प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. मग चमचाभर तेल आत सोडून पुन्हा मोजावा. दाब चढला, तर दोष रिंगांचा किंवा भिंतीचा. चढला नाही, तर आधी व्हॉल्व्हकडे पाहावे.

इंजिन बांधताना मालकाने शेजारी उभे राहायला हरकत नाही. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी ती नुसतीच सिलिंडरमध्ये सोडायला सांगावी. पिस्टनच्या माथ्याने ती सरळ खाली ढकलायची, फीलर गेजने फट मोजायची, आणि कमी असेल तर बारीक कानशीने टोक घासायचे. न रिबोअर केलेल्या सिलिंडरात हे माप तळाशी घ्यावे, कारण भिंत तेथे सर्वांत अरुंद असते. रिंगवर 'टॉप' अशी खूण असेल, तर ती बाजू वर यावी. ही रिंग उलटी बसली, तर तेल खाली खरवडण्याऐवजी वर चढते, आणि मग तोंडे कितीही अचूक लावलेली असोत, धूर हटत नाही. हे सारे झाल्यावर तोंडे १२० अंशांवर फिरवून, तेल लावून, पिस्टन आत सारावा. गाडी सुरू झाली की ती उभ्या जागी तासभर घुरघुरत ठेवू नये. रिंगा भिंतीशी बसायला मागून वायूचा दाब लागतो. तेव्हा ती रस्त्यावर काढावी, आणि वेग कमीजास्त करीत, फार न ताणता चालवावी.