मांडवाबाहेरची मराठी



अध्यक्षानं शाल पांघरावी, नारळ मांडीवर ठेवावा आणि तासभर कुणालाही न दुखावता बोलावं, असा आपल्याकडं रिवाज पडला आहे. मला तो पाळता येणार नाही. विषय कळवल्यावर दोन-तीन ठिकाणांहून विचारणा झाली, की बारामती-इंदापूरच्या मेळाव्यात एकोणिसाव्या शतकातल्या सिनेगॉगांच्या उद्घाटनांचं काय काम? पाण्यावर बोला, उसावर बोला, ग्रामीण कथेवर बोला. आपल्या दोन्ही तालुक्यांत एकही सिनेगॉग नाही, मग ऐकवता कुणाला?

तुम्हालाच ऐकवतो. ज्या गावात मोरोपंतांनी आयुष्य काढलं त्या गावाला हे ऐकावंच लागेल.

बाबूजी नाईकांच्या आश्रयानं कऱ्हेकाठी राहिलेला हा कवी १७९४ मध्ये गेला. त्याच्या आर्या कीर्तनकारांनी गावोगाव नेल्या. दोन वर्षांनी, १७९६ मध्ये, मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर नावाच्या माणसानं बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. घरचे लोक त्याला सामाजी हसाजी म्हणत. त्या वास्तूचं नाव शार हारहमीम, म्हणजे दयेचं दार. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं तुमच्या मनात आलं असेल. संबंध आहे, आणि तो मी मागाहून दाखवणार आहे.

आधी दिवेकर. कंपनी सरकारच्या पलटणीतला हा अंमलदार टिपूच्या कैदेत पडला आणि जिवंत परतला. टिपूच्या आईनं त्याला ज्यू म्हणून ओळखून सोडवलं, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे, म्हणूनच तिच्यावर फार भार टाकू नये. सिनेगॉग उभं राहिलं तरी त्यात ठेवायला तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी हवी होती. ती आणायला दिवेकर कोचीनला गेला आणि १७९७ मध्ये तिथंच वारला. एका मराठी माणसानं देवाचं घर बांधून पुस्तकासाठी परमुलखात प्राण सोडले. हा प्रसंग आपल्या एखाद्या संताच्या चरित्रात असता तर त्यावर आतापर्यंत दोन नाटकं आणि एक मालिका आली असती.

त्याआधी कित्येक शतकं बेने इस्राएलांना सिनेगॉग नव्हतं. गुंडाळीही नव्हती. कोकणात तेलाचे घाणे चालवत होते. मुलाची सुंता आठव्या दिवशी करत, खवले नसलेला मासा खात नसत, शेमाची प्रार्थना म्हणत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिलं शनवार तेली. इथं मला पहिला वाद घालायचा आहे. ‘जगभर ज्यूंचा छळ झाला, आपल्याकडं कधीच नाही’ असं आपण छाती काढून सांगतो. छळ झाला नाही, खरं आहे. पण आपण त्यांना कुठं बसवलं? जातींच्या उतरंडीत तेल्याची जी पायरी होती त्याच पायरीवर बसवलं, आणि वर सहिष्णुतेचं प्रशस्तिपत्र स्वतःच्या नावानं लिहून घेतलं. उतरंडीची लागण तर त्यांनाही झाली. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन तट पडले आणि आपसात सोयरीक बंद झाली. ही खोड त्यांनी यरुशलेमहून आणली नव्हती.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटलं. पलटणीचा पगार, मुंबईतली सुतारकाम-गवंडीकामाची मजुरी आणि कारकुनी यांमुळे घाण्यावरचे लोक चार पैसे बाळगू लागले. कोचीनहून शिक्षक आले. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. बाटवायला आलेल्या माणसानं त्यांना स्वतःचा धर्म वाचायला शिकवला आणि ते मात्र बाटले नाहीत. मग गावं उठली. रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३, ठाणे १८७९. हे कुणा एका धनिकाचं काम नव्हतं. निवृत्त सुभेदार, जमादार, सुतार आणि दुकानदार यांच्या वर्गण्या त्यात होत्या.

सिनेगॉग उघडण्याचा विधी पाहण्यासारखा. तोराच्या गुंडाळ्या छताखाली मिरवत आणायच्या, नव्या वास्तूत सात प्रदक्षिणा घालायच्या, हेखाल नावाच्या पवित्र कपाटात त्या ठेवायच्या आणि समोर अखंड दिवा लावायचा. दाराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची डबी. स्तोत्रसंहितेतलं तिसावं स्तोत्र म्हणायचं, कारण त्याच्या मथळ्यातच मंदिराच्या प्रतिष्ठेचा उल्लेख आहे. प्रार्थना हिब्रूत. बाकी सगळं बोलणं मराठीत, दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणार? घरात मराठी, बाजारात मराठी, आडनावं दिवेकर, किहीमकर, राजपूरकर, अष्टमकर. सिनेगॉगाच्या कारभाऱ्यांची उतरंड ऐका: मुकादम, चौगुला, गबाई, हज्जान, शमाश. पहिले दोन थेट आपल्या गावगाड्यातले, पुढचे हिब्रू परंपरेतले. पाटलाशेजारी चौगुला बसतो तसा देवाच्या घरातही बसला. इंदापूर परगण्यातल्या जुन्या वतनदारांना ही बैठक परकी वाटली असती का?

आणि नवस फेडायला किंवा शुभकार्याला मलिदा: पोहे, खोबरं, साखर, फळं, आणि पैगंबर एलियाहूचं नाव. कोकणातल्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. आपल्याकडं प्रत्येक डोंगरावर कुठल्या ना कुठल्या देवाचं पाऊल असतं, तसंच.

आता पुण्याकडं येतो, कारण सिनेगॉग म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं लाल देऊळच येणार. लष्कर भागातलं ओहेल दाविद. १८६३ मध्ये काम सुरू झालं, १८६७ मध्ये पुरं झालं. आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सचा, लाल विटा, नव्वद फुटांच्या घरातला मनोरा. पैसा डेव्हिड ससूनचा, जो बगदादहून १८३२ मध्ये मुंबईत आला आणि कापूस-अफूच्या चीन व्यापारात गबर झाला. १८६४ मध्ये तो पुण्यातच वारला, समाधी आवारात आहे. पुण्यातल्या ससून रुग्णालयात तुमच्या-माझ्या कित्येक नातेवाइकांचे जीव वाचले, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण पुण्याच्या ज्यू इतिहासाचं पुस्तक उघडलं की दोनशे पानं ससून आणि दोन पानं बेने इस्राएल, हे मला चालणार नाही. दगडात पैसा दिसतो, म्हणून इतिहासकार दगडाकडंच धावतात. याच ससूनसह मुंबईच्या बगदादी ज्यू मंडळींनी १८३६ मध्ये सरकारकडं अर्ज केला होता, की कबरस्तानात आमच्या आणि बेने इस्राएलांच्या मध्ये भिंत घाला. मेलेल्यांमध्येही सोवळं हवं होतं. ज्यांना मरणातसुद्धा पलीकडं ढकललं, त्यांनी पुण्यात स्वतःच्या सिनेगॉगासाठी बराच काळ वाट पाहिली. रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो उभं राहिलं ते १९२१ मध्ये.

युरोपातही एकोणिसाव्या शतकात मोठमोठी सिनेगॉगं उघडत होती. बर्लिनच्या ओरानियनबुर्गर रस्त्यावरचं नवं सिनेगॉग ५ सप्टेंबर १८६६ रोजी उघडलं, तेव्हा बिस्मार्क समोर बसला होता. बत्तीसशे आसनं, सोन्याचा घुमट. दिमाख होता, पण त्यामागं एक जुनी खदखद होती: प्रार्थनाघरात देशाची भाषा चालेल का? हॅम्बुर्गमध्ये १८१८ मध्ये जर्मन प्रवचनांचं मंदिर निघालं तेव्हा रब्बींनी निषेधाचे ग्रंथ छापले. १८२३ मध्ये तर प्रशियाच्या राजानंच सुधारलेल्या उपासनेवर बंदी घातली. शिकले-सवरलेले जर्मन ज्यू या एका प्रश्नावर एकमेकांचे गळे धरत होते. रेवदंड्याला हा प्रश्न पडला नाही. तिथल्या कौलारू सिनेगॉगात मराठी आतच होती, तिला दार ठोठावावं लागलं नाही. आधुनिक युरोपनं जे भांडून मिळवलं ते कोकणातल्या तेल्यांकडं आपसूक होतं, आणि आमच्या भाषेच्या इतिहासकारांनी त्याची नोंद एका ओळीत संपवली.

आता तो मोरोपंतांचा धागा. सिनेगॉगं उघडली, प्रार्थना ठरली, पण अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा बायकापोरांना सांगणार कोण? १८८० मध्ये मुंबईतल्या बेने इस्राएलांनी कीर्तन हाती घेतलं. तेच नारदीय कीर्तन. तीच साकी, दिंडी, अभंगाच्या चाली, पूर्वरंग-उत्तररंगाची तीच मांडणी. ज्या परंपरेला बारामतीच्या पंतांनी आपल्या आर्यांचं खाद्य पुरवलं, ती परंपरा तोराच्या कथा सांगू लागली. पंतांनी रामायण शंभरावर पद्धतींनी लिहिलं, याचं आपण कौतुक करतो. त्यांचं छंदवैभव ज्या कीर्तनात जगलं, त्या कीर्तनानं सीनाय पर्वतही मराठीत आणला, याचं कौतुक कोण करणार? इस्रायलला गेलेल्या बायकांनी ही कीर्तनं जपली. बारामतीत मात्र ती कुणाच्या कानावर नाहीत.

छापखान्याचा पुरावा हवा असेल तर १८७४ ची पुण्यात छापलेली हग्गादा घ्या. वल्हांडण सणाचं हे पुस्तक मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर यांनी हिब्रू-मराठीत काढलं, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. त्यातल्या चित्रांत लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताहेत. जगातले संग्राहक या पुस्तकामागं वेडे झाले, प्रती परदेशी ग्रंथालयांच्या काचेत गेल्या. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरं केली, हायम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएल समाजाची शाळा काढली आणि पुढं समाजाचा इतिहास लिहिला. तो त्यांच्या मरणानंतर, १९३७ मध्ये, तेल अवीवला छापला गेला.

तारखा शेजारी ठेवून बघा. १८७८ मध्ये पुण्याला न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी ग्रंथकारांची पहिली सभा भरवली. आजच्या सगळ्या संमेलनांची आजी तीच. त्याआधी चार वर्षं त्याच पुण्यात तळकरांची हग्गादा निघाली होती, आणि सभेच्या पुढच्याच वर्षी ठाण्याचं सिनेगॉग उघडलं. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून त्या सभेला यायचं नाकारलं. ज्यांना शूद्रातिशूद्रांच्या हक्कांची पर्वा नाही त्यांच्यात आमचं मिसळणं होणार नाही, असा त्याचा आशय. ते पत्र आता आपण अभिमानानं वाचतो, टाळ्या वाजवतो. पण ज्यांनी पत्रसुद्धा लिहिलं नाही, जे आपापल्या आळीत मराठी छापत, गात, प्रार्थत राहिले, त्यांना आपण अजून बोलावलेलं नाही.

कुणी म्हणेल, आता ते उरलेत किती? भारतात चार-पाच हजार. १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेले. तिथंही १९६० नंतरच्या काळात धर्मपीठानं त्यांच्या लग्नांबाबत शंका काढल्या. त्यांना आंदोलन करावं लागलं, १९६४ मध्ये प्रश्न सुटला. इथल्या भिंतीनंतर तिथली भिंत. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. चांगलं केलं. पण दर्जा कागदावर मिळतो, वाचक कागदावर मिळत नाहीत.

इंदापूरकरांनी तरी संख्येचा मुद्दा काढू नये. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि तुम्ही होड्या करून बघायला जाता. देऊळ बुडालं म्हणून ते आपलं नव्हतं, असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. अलिबागच्या इस्राएल आळीला आणि रेवदंड्याला हाच न्याय लावा.

शोकसभा घ्यायला मी उभा नाही. माझं मागणं नेमकं आहे. बेने इस्राएलांच्या कीर्तनांच्या, हग्गादांच्या आणि नियतकालिकांच्या प्रतिमा मिळवून आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ठेवाव्यात. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात त्यांना तळटीप नको, पाठ हवा. आणि पुढच्या वर्षी या मांडवात बेने इस्राएल कीर्तन लावावं, हार्मोनियम-तबल्यासकट, मोरोपंतांच्या गावात. खर्चाची अडचण असेल तर अध्यक्षाची शाल आणि मानधन दोन्ही रद्द करा, माझ्यापासून सुरुवात करा. मागच्या रांगेत कुजबुज चालली आहे ती मला ऐकू येते. हरकत असेल त्यांनी इथं माइकवर येऊन ती नोंदवावी. ठराव मांडला आहे. अनुमोदन कोण देतंय?