जुन्या अॅल्युमिनियम बोटीत तांबं नको

आज बोलूया माझ्या मिनेसोटातल्या गॅरेजमधल्या 14 फुटी अॅल्युमिनियम बोटीबद्दल. जुनी, रिवेटवाली आणि अर्थातच गळकी.

गळती शोधायची पद्धत उलटी आहे. बोट ट्रेलरवरच ठेवून आत चार बोटं पाणी भरायचं आणि खाली जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने खूण करायची. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं तेच, आधी बग दिसू दे! सैल रिवेट घट्ट करायला मात्र दोघं लागतात. एक जण आतून जड लोखंड टेकवून धरतो, दुसरा बाहेरून हातोडी मारतो.

पण खरी काळजी ट्रान्समची, म्हणजे मागच्या फळीची. मोटर तिच्यावरच टांगलेली असते. आतलं प्लायवूड कुजलेलं असेल तर चालू मोटर फळीसकट तळ्यात जाऊ शकते. नवं लाकूड घेताना कुजत नाही म्हणून 'प्रेशर ट्रीटेड' घ्यावंसं वाटतं. नेमकं तेच घेऊ नका. त्यात बहुतेक वेळा तांब्याची संयुगं असतात. ओल लागली की तांबं आणि अॅल्युमिनियम मिळून बॅटरीसारखं वागतात आणि त्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. म्हणजे लाकूड शाबूत, बोटीला भोकं! साधं मरीन प्लाय घ्या, सगळ्या कडा आणि बोल्टची भोकं इपॉक्सीने बंद करा. कंटाळवाणं काम आहे, पण घाई नको. तळाला तांबं असलेला रंगही याच कारणाने नको.

माझी फळी अजून क्लॅम्पमध्येच आहे. मोटर चढली की पुढचा भाग रेकॉर्ड करतो.